पार्लरमध्ये खुर्ची घेऊन काम करणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी आपल्याकडे कशा ठेवाव्यात : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

बेळगाव शहरातील टिळकवाडी, शहापूर, खडेबाजार या भागांत, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडीकडे पार्लरमध्ये काम करणाऱ्या अनेक महिला पगारावर नसतात. कोणी खुर्चीचे महिन्याचे भाडे देते, तर कोणी टक्केवारीवर काम करते. त्यांपैकी एखादी जागा बदलते किंवा स्वतःचे पार्लर काढते, तेव्हा वाद उभा राहतो तो ग्राहकांच्या नोंदींवरून. नावे, फोन नंबर, कोणाच्या केसांना कोणता रंग चालतो, कोणाच्या त्वचेला काय सोसत नाही, ही माहिती नेमकी कोणाची? हा वाद घेऊन आलेल्या बहुतेकजणी ‘ग्राहक आपले असल्याचा दाखला’ कुठे मिळतो, असे विचारतात. असा दाखला महापालिका देत नाही, जिल्हा उद्योग केंद्र देत नाही आणि तो मिळवून देतो म्हणून पैसे घेणारा एजंट फसवणूक करीत असतो. व्यवसायाची नोंदणी, पार्लरमालकाशी केलेला लेखी करार आणि ग्राहकाची संमती या तीन गोष्टींवरच नोंदींचा हक्क ठरतो. पहिली गोष्ट सोपी आहे, दुसरीत बहुतेकांचे घोडे अडते आणि तिसरी सहसा कोणी करीतच नाही.

पात्रता : आधी आपण कोण आहोत, हे ठरवावे

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार माहितीचे संकलन आणि संगणकीय डेटाबेस यांचा समावेश साहित्यकृतीत होतो. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या करारात असताना केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळे काही ठरले नसल्यास, नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या बाबतीत तो हक्क मुळात काम करणाऱ्याचा असतो. ग्राहकांच्या पत्त्यांच्या संकलनाला कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एका टपालविक्री कंपनीच्या प्रकरणात म्हटले होते. तेथे वाद कंपनी सोडून गेलेल्या नोकराशी होता आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला, हे विसरू नये.

त्यामुळे ‘मी स्वतंत्र आहे’ असे नुसते म्हणून भागत नाही. तुमच्या नावाने भविष्यनिर्वाह निधी किंवा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरला जात असेल, ठरावीक पगार आणि रजा मिळत असेल, कामाच्या वेळा मालक ठरवीत असेल, तर तुम्ही कागदोपत्री कर्मचारी आहात आणि नोंदी तुमच्या असल्याचा दावा फारसा टिकणार नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. आयकर पोर्टलवर करकपातीचे विवरण पाहता येते; तेथे मालकाने तुम्हाला दिलेली रक्कम पगार म्हणून दाखवली आहे की कमिशन म्हणून, ते पाहावे. तोंडी ‘तू माझी पार्टनरच आहेस’ म्हणणाऱ्या मालकांनी कागदावर पगार दाखवल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

उद्यम नोंदणी

उद्यम नोंदणी म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी; ती केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. कोणतेही कागद अपलोड करावे लागत नाहीत. आधार, पॅन आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी पुरतो. केशकर्तन व सौंदर्यसेवेसाठी व्यवसायवर्गीकरणाचा क्रमांक ९६०२० हा आहे. नोंदणीचे नूतनीकरण नसते, म्हणून ‘तुमचे उद्यम संपत आले आहे, शुल्क भरा’ असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा.

अर्ज अडतो तो नावावर. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि मोबाइल क्रमांक भावाच्या किंवा नवऱ्याच्या जुन्या सिमचा, हे आपल्याकडे नेहमीचेच आहे. सीमाभागात आणखी एक भर पडते : माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजचे असेल तर विवाहाचा दाखला महाराष्ट्रातला आणि मराठीत, आधार कन्नड-इंग्रजीत आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. म्हणून कोणत्या नावाने पुढे व्यवहार करायचा, हे आधी पक्के करावे, विवाहाच्या दाखल्याच्या आधारे पॅन त्याप्रमाणे सुधारून घ्यावे आणि त्यानंतरच उद्यमचा अर्ज भरावा. उलट क्रमाने केल्यास एक संधी फुकट जाते. पॅनच नसेल तर बँकेमार्फत उद्यम असिस्ट प्लॅटफॉर्मवर नोंदणी होऊ शकते; ती सोय जीएसटीतून सूट असलेल्या अगदी लहान व्यवसायांसाठीच आहे.

प्रमाणपत्रावर व्यवसाय सुरू केल्याची तारीख आणि उद्यम नोंदणीची तारीख अशा दोन वेगळ्या तारखा छापल्या जातात. भांडण झाल्यानंतर घाईने नोंदणी करून ‘व्यवसाय सुरू’ या रकान्यात पाच वर्षांपूर्वीची तारीख टाकली, तरी दुसरी तारीख बोलायची ती बोलतेच. शिवाय उद्यम प्रमाणपत्राने तुमचा व्यवसाय आहे एवढेच दिसते. नोंदी कोणाच्या, हे एकट्या त्यावरून ठरत नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की, प्रमाणपत्र लॅमिनेट करून मालकाला दाखवले म्हणजे काम झाले, असे अनेकींना वाटते.

ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते तो कागद : करार

खुर्चीच्या वापराचा लेखी करार बहुतेकींकडे नसतोच. मागायला गेल्यावर मालक टाळाटाळ करतो आणि त्याचे कारण दर वेळी वाईट हेतू हेच असते असे नाही. पार्लरची जागा बहुतेक वेळा त्याच्याही मालकीची नसते. मूळ भाडेकरारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असते आणि हेस्कॉमचे वीजबिल इमारतमालकाच्या नावाने येते. मग ब्युटिशियनला चालू खाते उघडण्यासाठी बँकेने व्यवसायाच्या जागेचा पुरावा मागितला की, कोणाचाच कागद पुढे येत नाही. यावर मार्ग असा की, कराराला ‘भाडेकरार’ न म्हणता ‘खुर्ची व जागा वापरण्याची परवानगी’ म्हणावे, जागेवर कोणताही हक्क सांगणार नाही असे त्यात स्पष्ट लिहावे आणि इमारतमालकाचे ना-हरकत पत्र जोडावे. इमारतमालक सही देत नसेल तर उद्यममध्ये घरचा पत्ता द्यावा आणि बँकेलाही तोच द्यावा. खुर्चीच्या करारात मात्र पार्लरचा पत्ता असलाच पाहिजे.

करारासाठी ई-स्टॅम्प घ्यावा. त्यावर दोन्ही पक्षांची नावे छापली जातात, म्हणून ती आधारप्रमाणे अचूक लिहून न्यावीत. चुकीच्या नावाचा स्टॅम्प म्हणजे वाया गेलेला पैसा. कराराची तारीख स्टॅम्पच्या तारखेआधीची असू नये. करार नोटरीसमोर करावा, पण नोटरीचा शिक्का सह्या खऱ्या असल्याचे सांगतो, करारातील अटी बरोबर असल्याचे नाही.

कोर्टाच्या आवारातील टायपिंगवाल्याकडे तयार मसुदा असतो, इंग्रजी किंवा कन्नड, आणि तो मुळात दुकानगाळ्यासाठी केलेला असतो. त्यात नोंदींचा उल्लेख नसतो आणि अनेकजणी तो न वाचता सही करतात. करार मराठीत करायला कायद्याची आडकाठी नाही, मात्र न्यायालयात मराठी कागदासोबत भाषांतर जोडावे लागते. त्यामुळे एका बाजूला कन्नड किंवा इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी असा दुहेरी करार करून, मतभेद झाल्यास कोणता मजकूर प्रमाण मानायचा तेही त्यातच लिहावे. मराठी मजकूर कोणी पुढे टाकला नाही, तर स्वतः मागावा. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करू नये, एवढे तरी प्रत्येकीने पाळावे.

नोंदींबाबतचे कलम चार-पाच वाक्यांचे पुरते. ब्युटिशियनने स्वतः घेतलेल्या ग्राहकांची संपर्कमाहिती व सेवेच्या नोंदी तिच्या राहतील. पार्लरच्या नंबरवर किंवा जाहिरातीतून आलेल्या ग्राहकांच्या नोंदी दोघांकडे राहतील किंवा पार्लरकडे राहतील, जे ठरेल ते. पार्लरच्या संगणकात भरलेल्या तिच्या नोंदींची प्रत जाताना मिळेल. आणि ग्राहकाने सांगितल्यास दोघेही नोंद पुसतील. ‘ग्राहक’ असा मोघम शब्द वापरल्यास वाद तेथूनच सुरू होतो, म्हणून कोणता ग्राहक कोणाकडून आला हे नोंदीतच लिहिण्याची पद्धत ठेवावी.

मालकांच्या मसुद्यात हमखास एक कलम असते : सोडल्यानंतर दोन वर्षे दोन किलोमीटरच्या आत काम करायचे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसाय करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो, त्यामुळे या कलमाला घाबरून दुसऱ्या गल्लीत दुकान काढायचे थांबू नये. पण पार्लरची यादी गुप्त ठेवण्याची अट ही वेगळी गोष्ट आहे. ती लागू होऊ शकते. या दोन अटी एकाच परिच्छेदात मिसळून लिहिलेल्या असतात, तेव्हा विशेष सावध राहावे.

कोणती नोंद कोणाची

प्रत्यक्षात नोंदी एका जातीच्या नसतात. बिले ज्याच्या नावाने फाडली त्याची. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने त्याला हिशेबाचे कागद जपावेच लागतात. ते त्याने तुम्हाला द्यावेत किंवा नष्ट करावेत ही मागणी चुकीची आहे. ग्राहकाचे पैसे मालकाच्या क्यूआर कोडवर जातात आणि आठवड्याने हिशेब होतो, अशी पद्धत असेल तर ‘ग्राहक माझा’ हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. आपल्या उद्यमच्या नावाचे बिलबुक आणि आपल्या खात्याचा क्यूआर कोड ठेवला, तर त्याचा पुरावा आपोआप तयार होत जातो.

खरी किमतीची असते ती कामाची वही. एखाद्या पानावर ‘४ नंबर, २० व्हॉल्यूम, ३५ मिनिटे, कानामागे पॅच टेस्ट, ४८ तासांनी पुरळ नाही, अमोनियाचा वास सोसत नाही’ असे, म्हणजे केसांच्या रंगाची छटा, रंगासोबतच्या द्रावणाची तीव्रता, वेळ आणि त्वचेवरची चाचणी, लिहिलेले असते. ते निरीक्षण करणाऱ्या हाताचे असते आणि स्वतंत्र ब्युटिशियनचा सर्वांत भक्कम दावा याच नोंदीवर असतो. ही वही पार्लरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नये. व्हॉट्सअॅपवर बुकिंग घेत असाल तर ते सिम कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहावे. मालकाने घेऊन दिलेल्या सिमवरचे संभाषण जाताना त्याच्याकडेच राहते.

विदा संरक्षण कायदा आणि चुकीची वाचलेली तारीख

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, सूचना, ग्राहकाचे हक्क या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार असे त्यात ठरले. ‘कायदा लागू झाला, वही ठेवली तर २५० कोटी दंड’ अशी भीती घालून ‘कम्प्लायन्स किट’ विकणाऱ्यांपासून दूर राहावे. २५० कोटी ही दंडाची कमाल मर्यादा आहे, ठरावीक आकारणी नव्हे. दुसऱ्या टोकाला ‘अजून वेळ आहे’ म्हणून काहीच न करणारेही आहेत.

हा कायदा ‘मालकी’ असा शब्द वापरत नाही. माहिती कशासाठी व कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याच्यावर तो जबाबदारी टाकतो. हक्क देतो तो ज्याची माहिती आहे त्या ग्राहकाला. नुसती हाताने लिहिलेली वही या कायद्याखाली येत नाही, पण तिच्या पानांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले की येते. तेव्हा नोंदी आपल्या हव्या असतील तर जबाबदारीही आपलीच, हे स्वीकारावे लागते.

संमतीचा कागद अर्ध्या पानाचा असावा : तुमचे नाव, कोणती माहिती घेता, कशासाठी, ग्राहकाला ती दुरुस्त करायची किंवा पुसायची असल्यास कोणाला सांगायचे. त्यात ‘पार्लर’ असे न लिहिता तुमचे उद्यमचे नाव असले पाहिजे. सर्वांत जास्त चूक येथे होते. कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. मराठी, कन्नड आणि कोंकणी या तिन्ही त्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे बेळगावच्या पार्लरमध्ये मराठी-कन्नड असा एकच कागद सोयीचा. अठरा वर्षांखालील मुलीची नोंद ठेवायची असेल तर पालकाची संमती लागते, हे शाळकरी मुलींचे केस कापणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आधी घेतलेल्या नोंदी फेकाव्या लागत नाहीत. मुख्य तरतुदी लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर त्या ग्राहकांना सूचना द्यावी लागते.

जाताना

करार नसताना जावे लागले, तर शेवटच्या दिवशी पार्लरच्या संगणकातून यादी पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचा मोह टाळावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकातील माहितीची प्रत घेणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येते आणि ते अप्रामाणिकपणे केल्याचे ठरल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जी यादी हक्काने मागता आली असती, तिच्यासाठी आरोपी होण्यात शहाणपण नाही. त्याऐवजी मालकाला लेखी पत्र देऊन प्रत मागावी आणि पोच घ्यावी. नवी जागा ग्राहकांना आपल्या वहीतील क्रमांकांवर कळवावी. ज्या ग्राहकांचा क्रमांक तुमच्याकडे नाही, ते स्वतः तुम्हाला शोधत आले तर त्यांना सेवा देण्यापासून कोणीही रोखू शकत नाही.

वाद न्यायालयापर्यंत गेला तर व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट नुसते छापून नेऊन चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कोणी परत पाठवले, तर कलम १२ दाखवावे.