बेस्टच्या गाड्या कंत्राटावर कशा गेल्या

मुंबईत ट्राम आणि वीज आणली ती खासगी कंपनीनेच. 7 ऑगस्ट 1947 रोजी तो सगळा कारभार महापालिकेकडे आला; वीज आणि बस चालवणारा पालिकेचा हा उपक्रम म्हणजे बेस्ट. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. बससेवा तोट्यात चालायची, पण वीज विभागाच्या नफ्यातून तो तोटा भरून निघायचा, त्यामुळे कुणाला त्याची फारशी झळ लागत नव्हती. 2003 च्या वीज कायद्यानंतर मात्र बसचा तोटा वीजग्राहकांनी का सोसायचा, हा वाद उभा राहिला आणि कालांतराने ती वाट बंद झाली. मधल्या काळात आगारांच्या जागा विकासकांना देऊन पैसा उभा करायचा प्रयत्न झाला. पण विकासकांकडची देणी थकली.

2010 च्या सुमारास ताफ्यात चार हजारांहून जास्त बस होत्या. त्यानंतर जुन्या गाड्या भंगारात जात राहिल्या, पण त्यांच्या जागी पुरेशा नव्या आल्या नाहीत. पैसे नाहीत म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून प्रवासी शेअर रिक्षाकडे, आणि प्रवासी गेले म्हणून पुन्हा पैसे नाहीत. भाडेतत्त्वाचा, म्हणजे कंत्राटदाराच्या गाड्या भाड्याने घेऊन चालवण्याचा पर्याय पुढे आला तो अशा वेळी. कामगारांचा त्याला कडवा विरोध होता. जानेवारी 2019 मध्ये नऊ दिवस संप झाला, त्यामागे पगाराइतकीच या भाड्याच्या गाड्यांची भीतीही होती.

कामगार संघटनेशी झालेल्या जून 2019 च्या करारावर आजही एकमत नाही. स्वतःच्या मालकीच्या 3,337 बस कायम ठेवण्याची हमी कामगारांना मिळाली आणि त्या बदल्यात भाड्याच्या गाड्यांचा रस्ता मोकळा झाला. समर्थकांचं म्हणणं असं, की हे केलं नसतं तर उपक्रम आटोपला असता. ते अगदीच खोटं नाही. पण गोम कंत्राटदारांशी केलेल्या कराराच्या अटींत होती. गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. तिकिटाचे पैसे उपक्रमाचे. कंत्राटदाराला मोबदला किलोमीटरमागे. बस खच्चून भरलेली असो की रिकामी, त्याचा हिशेब तोच. साहजिकच नफा वाढवायचा तर चालकाचा पगार किंवा गाडीची देखभाल, एवढ्याच दोन ठिकाणी हात आखडता घेता येतो.

त्यातच 9 जुलै 2019 पासून किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आलं आणि वातानुकूलित बसचं सहा रुपये झालं. प्रवासी परतले, उत्पन्न मात्र त्या मानाने वाढलं नाही. निर्णय लोकप्रिय होता, म्हणून त्याबद्दल वाईट बोलायला कुणी तयार नव्हतं.

बाहेरून गाडी लालच, त्यामुळे ती कुणाची हे प्रवाशाला सहसा कळायचं नाही. कळायचं ते थांब्यावर गाडी न आल्यावर. 2022 पासून एकेक कंत्राटदार परवडत नाही म्हणून अंग काढून घेऊ लागला. त्यात छोट्या मिनी बस अधिक होत्या, म्हणजे स्टेशनपासून वस्तीपर्यंतचे नेमके मार्ग. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद ठेवलं, तेव्हा अनेक आगारांतून गाड्या निघाल्याच नाहीत. संपकरी उपक्रमाचे नोकर नव्हते, त्यामुळे उपक्रमाने बोलणी करायची तरी कुणाशी? 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात भाड्याची विजेवरची बस गर्दीत घुसली आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. तोवर दर अपघातामागे जबाबदारी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती.

3,337 च्या हमीचं काय झालं? वयोमर्यादा संपलेल्या गाड्या निघत गेल्या, खरेदी रखडली आणि मालकीच्या बस हजाराच्याही खाली आल्या. 9 मे 2025 पासून किमान भाडं दहा रुपये झालं आणि वातानुकूलित बसचं बारा. आता कंत्राटदार निघून गेला तर त्या मार्गावर सोडायला आगारात पुरेशी स्वतःची गाडीच नसते, आणि नव्या विजेवरच्या गाड्याही बहुतांश भाड्यानेच येत आहेत.