गुलामगिरीची राज्ये आणि फुटून निघालेली राज्ये

अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी (१८६१–६५) वाचताना ‘गुलामगिरी असलेली राज्ये’ आणि ‘कॉन्फेडरेट राज्ये’ (संघराज्यातून फुटून स्वतःचा वेगळा संघ स्थापन केलेली दक्षिणेकडची राज्ये) एकच होती, असा समज सहज होतो. हिशेब मात्र जुळत नाही. १८६० मध्ये गुलामगिरी कायदेशीर असलेली राज्ये १५ होती. त्यांपैकी ११ फुटून निघाली. डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार संघराज्यातच राहिली.

या चार राज्यांकडे बोट दाखवून युद्धाचे कारण गुलामगिरी नव्हतेच, असे सांगणारे आजही भेटतात. तो युक्तिवाद टिकणारा नाही. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा त्यांच्या रिपब्लिकन पक्षाची भूमिका गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही एवढीच होती. असलेल्या ठिकाणची ती मोडण्याची नव्हती. तरीही २० डिसेंबरला साऊथ कॅरोलायना बाहेर पडले आणि १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत आणखी सहा राज्ये त्याच्या मागे गेली. ही सगळी गुलामांच्या श्रमावर कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यातली राज्ये. साऊथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती, आणि मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात फुटण्याचे कारण म्हणून गुलामगिरीचेच नाव घेतले.

मात्र नुसत्या आकड्यावरून राज्याचा कल ओळखता येत नाही. सर्वाधिक गुलाम व्हर्जिनियात होते, पण फुटायचे की नाही हे ठरवण्यासाठी बोलावलेल्या तेथील अधिवेशनाने ४ एप्रिल १८६१ रोजी फुटण्याचा ठराव फेटाळला होता. साऊथ कॅरोलायनातील फोर्ट समटर या संघराज्याच्या किल्ल्यावर कॉन्फेडरेट फौजांनी तोफा डागल्यावर लिंकन यांनी बंड मोडण्यासाठी ७५,००० सैनिकांची मागणी केली, तेव्हा १७ एप्रिलला त्याच अधिवेशनाने निर्णय फिरवला. तो राज्याच्या पश्चिम भागातल्या डोंगराळ जिल्ह्यांना मानवला नाही. तेथे गुलाम थोडे होते आणि किनाऱ्याकडच्या मळेवाल्यांच्या वर्चस्वाबद्दल जुना राग होता. १८६३ मध्ये या जिल्ह्यांचे वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य झाले.

केंटकीची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. तेथे सुमारे सव्वादोन लाख गुलाम होते, म्हणजे फुटून निघालेल्या टेक्ससपेक्षाही जास्त. पण एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण साधारण पाचांत एक होते, आणि ओहायो नदीमुळे राज्याचा व्यापार उत्तरेशीही जोडलेला होता. केंटकीने आधी तटस्थता जाहीर केली. सप्टेंबर १८६१ मध्ये कॉन्फेडरेट फौजा हद्दीत शिरल्यावर तेथील विधिमंडळ संघराज्याच्या बाजूने उभे राहिले.

फुटलेली राज्ये आणि संघराज्यात राहिलेली राज्ये हा भेद गुलामांच्या आयुष्यात थेट उतरला. लिंकन यांची १ जानेवारी १८६३ ची गुलामांच्या मुक्तीची घोषणा फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होती, त्यामुळे ही चारही राज्ये तिच्या बाहेर राहिली. मेरिलँड आणि मिसुरीने युद्ध संपण्याआधी स्वतःहून गुलामगिरी रद्द केली. टेक्ससमध्ये १९ जून १८६५ रोजी लष्करी हुकुमाने मुक्ती जाहीर झाली. केंटकीत अनेकांनी संघराज्याच्या सैन्यात भरती होऊन सुटका मिळवली होती, पण उरलेल्यांना डिसेंबर १८६५ मध्ये देशभर गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती अमलात येईपर्यंत थांबावे लागले. केंटकीच्या विधिमंडळाने ती दुरुस्ती त्याच वर्षी फेटाळली होती. तिला औपचारिक मंजुरी दिली ती १९७६ मध्ये.