दशावतारी आख्यानांतील वीरनायक

दक्षिण कोकणात, मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात व त्याला लागून असलेल्या गोव्याच्या पेडणे भागात, जत्रेच्या रात्री होणाऱ्या दशावतारी नाटकातील योद्ध्यांची पात्रे व त्यांचे परस्परांशी होणारे सामने. पुराणातले किंवा सर्वस्वी कल्पित असे दोन वीर समोरासमोर आणायचे आणि त्यांचे बळ, शब्द व पुण्याई तोलून पाहायची, हे बहुतेक आख्यानांचे सूत्र असते. वीरनायकाच्या भूमिकेला राजपार्ट व ती करणाऱ्या नटाला राजपार्टी म्हणतात. परंपरेने सर्व भूमिका पुरुषच करतात.

या खेळाच्या उगमाबद्दल एकमत नाही. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये तो कर्नाटकातून कोकणात आणला, असे परंपरेने सांगितले जाते. मात्र दासबोधाच्या सहाव्या दशकात दशावतारी खेळणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे दिसणाऱ्या सुंदर स्त्रिया वस्तुतः पुरुषच असतात, हा दाखला समर्थांनी मायेचे स्वरूप समजावण्यासाठी दिला आहे. त्याच दशकातील कलियुगाच्या गत वर्षांच्या गणनेवरून तो भाग १६५९ च्या सुमाराचा ठरतो. दासबोधाची रचना दीर्घकाळ चालू होती आणि एका समासाचा काळ दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही, ही अडचण मान्य केली तरी समर्थांचे निधन १६८२ चे आहे. म्हणजे ‘दशावतारी’ हा शब्द व स्त्रीवेषधारी नट या दोन्ही गोष्टी १७२८ पूर्वी महाराष्ट्रात परिचित होत्या. समर्थांनी पाहिलेला खेळ आणि आजचा कोकणातला खेळ एकच होता का, हा प्रश्न यानंतरही उरतोच. काळे यांच्याकडे आरंभाचे श्रेय देण्यापेक्षा, आधीपासून चालत आलेल्या खेळाला कर्नाटकी वळण देऊन त्याची घडी बसवण्याचे श्रेय द्यावे, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

कर्नाटकाशी असलेला संबंध नाकारता येत नाही. यक्षगान या तिथल्या लोकनाट्याला किनारी कर्नाटकात ‘दशावतार आट’ (म्हणजे दशावताराचा खेळ) असेही म्हणत. वीरनायकांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा पुरावा कथानकांचा आहे. यक्षगानातील अनेक प्रसंगांच्या नावांत ‘काळग’ म्हणजे युद्ध हा शब्द येतो. कृष्णार्जुन काळग हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण. तेच कथानक कोकणात ‘कृष्णार्जुन युद्ध’ म्हणून रंगते. व्यासांच्या महाभारतात ते नाही. तसेच कन्नडमध्ये लक्ष्मीश कवीचे जैमिनी भारत जितके लोकप्रिय, तितकाच मराठीत जैमिनी अश्वमेध श्रवणातला, आणि अश्वमेधाच्या घोड्यामागून जाणाऱ्या अर्जुनाला जागोजागी भेटणारे प्रतिस्पर्धी दोन्ही रंगभूमींवर दिसतात. सादरीकरण मात्र निराळे आहे. यक्षगानात पदे भागवत, म्हणजे कथा पुढे नेणारा गायक, म्हणतो. दशावतारात राजपार्टी स्वतः गातो. तिकडे चंडे हे चर्मवाद्य वाजते, इकडे पखवाज, झांज आणि पुढच्या काळात आलेली पायपेटी. केवळ कथानकांवरून सगळा खेळच उचलला असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

खेळाचे आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, व आख्यान, म्हणजे मुख्य कथा, असे दोन भाग पडतात. आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्यावर काळ्या वेषातला संकासूर वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मालवणीत बोलणारा हा असुर पोराटोरांचा लाडका असतो. पुढे येणारे राजे प्रमाण, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. वीराची भाषा वेगळी असते, हे प्रेक्षकाला अशा रीतीने कथा सुरू होण्याआधीच कळलेले असते.

आख्यानाला लिखित संहिता नसते. रंगपटात कथानकाचा क्रम ठरतो आणि संवाद रंगमंचावर सुचतात. श्रीधरांच्या हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप या ग्रंथांचे श्रवण ज्याच्या कानात मुरलेले असते त्याला शब्द कमी पडत नाहीत. दोन राजे समोर आले की तलवारीआधी बोलणे होते: कूळ, गुरू, अस्त्रे, मिळालेले वर, पूर्वीचे पराक्रम आणि प्रतिपक्षाच्या पराक्रमातली वर्मे. तुलना खरी येथेच होते. त्यानंतरचे युद्ध पखवाजाच्या लयीवर गिरक्या घेत होते आणि त्यात जखमेपेक्षा पदन्यास पाहिला जातो. बोलण्यात निरुत्तर झालेला राजा लढाई जिंकला तरी लोकांच्या लेखी हरलेला असतो.

सामन्यांच्या निकालातही एक प्रवृत्ती दिसते. अर्जुनाने बाणांचा सेतू बांधावा आणि हनुमंताने तो मोडावा, ही कथा आनंदरामायणात आहे. तिचा शेवट हनुमंत अर्जुनाच्या ध्वजावर बसण्यात होतो, कोणाच्या मरणात नव्हे. कृष्ण आणि अर्जुन गंधर्वापायी लढतात. एकाने त्याला मारण्याची प्रतिज्ञा केलेली, दुसऱ्याने अभय दिलेले. दोघांचेही वचन खरे ठरावे म्हणून देवांना मध्ये पडावे लागते. अंबेसाठी झालेले भीष्म-परशुराम युद्ध महाभारतानुसार तेवीस दिवस चालले आणि तेही देव व पितर यांनी थांबवले. बाण मारून समुद्र हटवला व कोकण वसवले, असे ज्याच्याबद्दल मानतात आणि चिपळूणजवळ ज्याचे देवस्थान आहे, त्या परशुरामाला येथल्या प्रेक्षकासमोर भीष्मासारख्या आपल्याच शिष्याकडून हरलेला दाखवणे अवघड. भीष्माला हरवणे कथेत बसत नाही. बभ्रुवाहनाचे आख्यान या सर्वांत कठोर आहे. तेथे अर्जुन पुत्राच्याच बाणाने पडतो. परंतु उलूपी या त्याच्या नागपत्नीकडील नागमण्याने तो उठतो आणि या पराभवाला भीष्मवधाच्या पापाची संगती लावली जाते. श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला दशावतार बळाने उत्तर देत नाही. दिलेला शब्द कोणी पाळला, हे तो पाहतो. पौराणिक अद्भुताच्या इतर अनेक प्रकारांहून ही आख्याने वेगळी वाटतात ती यामुळे.

कल्पित आख्यानांत राजांची नावे व राज्ये रचलेली असतात. शंकराचा वर मिळवून उन्मत्त झालेला असुर, वनात वाढलेला राजपुत्र, सावत्र आईचे कारस्थान अशी त्यांची ठरावीक सामग्री. अलीकडे त्यांत ‘ट्रिकसीन’ची, म्हणजे युक्तीने साधलेल्या चमत्कारदृश्यांची, भर पडली आहे. त्यांतले वीर गुणांनी पौराणिक वीरांवरच बेतलेले असतात.

राजपार्टात नेरूर येथील कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण ‘लोकराजा’ म्हणून ओळखले गेले. वेगवेगळ्या मंडळांतील निवडक कलाकार एका रात्रीपुरते एकत्र आणणाऱ्या ‘संयुक्त दशावतारा’त दोन मंडळांचे राजपार्टी एकमेकांसमोर उभे राहतात. तेव्हा अर्जुन आणि बभ्रुवाहन यांच्याबरोबर ती भूमिका करणारे दोघेही तोलले जातात, आणि जाणकार प्रेक्षक पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत जागचे हलत नाहीत. मोबाइलवर चित्रित झालेले असे प्रयोग आता यूट्यूबवर पाहायला मिळतात, त्यामुळे एकच आख्यान दोन मंडळे कशी बोलतात हे शेजारी-शेजारी ठेवून ऐकण्याची सोय झाली आहे.