गार्बा

गार्बा : आयव्हरी कोस्टमधील, विशेषतः आबिजान शहरातील, रस्त्यावर मिळणारे स्वस्त व पोटभरीचे जेवण. कसावा या कंदाच्या किसाचे आंबवून वाफवलेले दाणे म्हणजे अचेके, तळलेला ट्यूना मासा (कोकणात कुपा), कच्चा कांदा, टोमॅटो आणि ताजी मिरची हे त्याचे घटक. १९७० च्या दशकातील पशुउत्पादन खात्याचे मंत्री दिको गार्बा यांच्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. आबिजान बंदरात उतरणाऱ्या ट्यूनापैकी डबाबंद करण्याच्या कारखान्यांना नको असलेला लहान किंवा दबलेला मासा यासाठी वापरला जातो. विक्रेते पूर्वापार बहुधा नायजर देशातून आलेले हौसा समाजाचे लोक. त्यांच्या टपरीला गार्बाद्रोम म्हणतात.

मासा कोणालाही तळता येतो. गार्ब्याचा कस लागतो तो अचेकेत. दाबू परिसरातील आजुक्रू आणि खाजणाकाठच्या एब्रिए, आलाजां या समाजांतील स्त्रियांनी ही कला जोपासली. २०२४ मध्ये युनेस्कोने तिचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

आधी विरजण तयार करतात. उकडलेले कंद पोत्यात गुंडाळून २-३ दिवस ठेवले की मऊ पडून आंबतात. ताजे कंद सोलून, मधला दोरा काढून, धुऊन बारीक किसतात. किसाच्या वजनाच्या सुमारे ८ ते १० टक्के विरजण व थोडे पामतेल त्यात मिसळून ते रात्रभर ठेवतात. हा वेळ केवळ आंबट चवीसाठी नसतो. कंदात लिनामारिन हे संयुग असते. किसताना पेशी फुटल्या की विकरामुळे (एन्झाइम) त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटते. ते पुढे दाबून काढलेल्या पाण्याबरोबर आणि वाफेबरोबर निघून जाते. म्हणून आंबवण्यात किंवा दाबण्यात घाई करणे धोक्याचे, कडू जातीच्या कंदांबाबत तर फारच.

दाबलेला लगदा चाळणीतून मोकळा करून हाताने घोळवतात, म्हणजे दाणे वळतात. ते थोडा वेळ उन्हात सुकवून, धागे व भुसा पाखडून वाफवतात. पाणी नीट निघाले नसेल तर वाफेत दाण्यांचा गोळा होतो. दाणे फार सुकले तर आतून कोरडे राहतात. गार्ब्यासाठीचा अचेके तुलनेने जाडाभरडा व स्वस्त असतो. साबुदाणा याच कंदाचा, पण तो निव्वळ स्टार्चचा आणि न आंबवलेला असल्याने इथे चालत नाही. वाळवलेला अचेके मिळाल्यास कोमट पाणी थोडे थोडे शिंपडून १० मिनिटे झाकून ठेवावा, मग दाणे मोकळे करून तेवढाच वेळ वाफवावा.

चौघांसाठी ८०० ग्रॅम ट्यूनाचे २ सेंमी जाड तुकडे घ्यावेत. मासा पकडल्यापासून बर्फात राहिलेला असावा. उबेत राहिलेल्या ट्यूनात विषबाधा करणारे हिस्टामिन तयार होते आणि ते तळण्यानेही नष्ट होत नाही. तोंडात तिखटसर झोंबले तर तो मासा टाकून द्यावा. तुकड्यांना दीड चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवावे, सुटलेले पाणी पुसावे आणि मैद्यात हलके घोळवून जादा पीठ झटकावे. तेल १८० अंश सेल्सिअसला आले की एका वेळी ३-४ तुकडेच सोडावेत. जास्त सोडल्यास तेल थंड होते, आवरण सुटते आणि मासा तेल पितो. प्रत्येक बाजू २-३ मिनिटे पुरते. टपरीवर तो याहून खरपूस, जवळजवळ कोरडा तळतात, कारण असा तुकडा कुस्करून अचेकेत सहज मिसळतो.

चार ताटांत मिळून सुमारे ६०० ग्रॅम गरम अचेके वाटून घ्यावा. कांदा, टोमॅटो व मिरची बारीक चिरून, मीठ आणि चुरडलेला सूप क्यूब लावून वर घालतात. शेवटी मासा तळलेलेच तेल, प्रत्येक ताटात दोन-तीन चमचे, अचेकेवर सोडतात. माशाची चव दाण्यांत उतरते ती या तेलामुळे, त्यामुळे ते वगळणे चुकीचे. मात्र तळाशी साचलेले पीठ जळले की तेल कडवट होते. दर दोन घाण्यांनंतर हे पीठ झाऱ्याने काढून टाकावे आणि वाढण्यापूर्वी तेल गाळून घ्यावे.