पुढं एक चकती की दोन? गिअर मोजू नका, दात मोजा

‘पुढं एकच चकती? मग पन्हाळ्याच्या चढाला मरशील की भावा!’ कोल्हापुरात गिअरची सायकल घ्यायला निघालेल्या माणसाला हा सल्ला फुकटात मिळतो. देणाऱ्याच्या सायकलीवर ‘२१ स्पीड’चं स्टिकर असतं आणि त्या आकड्यावर त्याचा गाढ विश्वास असतो. उलट बाजूला नुकतीच वन-बाय, म्हणजे पायडलपाशी एकच दातेरी चकती असलेली सायकल, घेतलेली मंडळी. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, हा जुना जमाना, असं ती ठासून सांगतात. दोघंही गिअर मोजतात, दात कुणी मोजत नाही. सगळा गोंधळ तिथंच आहे.

पुढं तीन चकत्या आणि मागं सात, हा प्रकार सगळ्यांनी चालवलेला आहे, त्यामुळं तो थोडक्यात. पुढं ४२-३४-२४ आणि मागच्या चाकावर १४ ते २८ दातांच्या सात चकत्यांचं फ्रीव्हील धरा. ४२ वर २४, ३४ वर २० आणि २४ वर १४ या तिन्ही जोड्या पायाला जवळपास सारख्याच लागतात. अशा जुळ्या-तिळ्या वगळल्या की एकवीसातले वेगळे गिअर तेरा-चौदाच उरतात. त्यातही चेन तिरकी ओढणारे एक-दोन गिअर वापरूच नयेत असे. म्हणजे स्टिकरवरच्या आकड्याला अर्थ नाही.

आता चढ. चढाला एकच भागाकार बघायचा: पुढची सर्वांत लहान चकती भागिले मागची सर्वांत मोठी. उत्तर जेवढं लहान, तेवढा पाय हलका. वरच्या एकवीस गिअरवालीचं उत्तर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पुढं ५०-३४ आणि मागं ११-३२ असलेल्या बावीस गिअरच्या रोड बाइकचं १.०६. आणि पुढं एकच ३२ ची चकती, मागं ११-५१ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) असलेल्या अकरा गिअरवालीचं ०.६३. सर्वांत कमी गिअरची सायकल सर्वांत हलकी चढते! वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याच्या वळणांना लागलात की हे गुडघ्यांना आपोआप कळतं. वन-बायला हे जमतं ते मागच्या ताटाएवढ्या कॅसेटमुळं. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं २०१२ मध्ये एक्सएक्स-वन हा वन-बायचा संच आणला, तेव्हा मागं १०-४२ होतं. आता ५१-५२ दातांपर्यंत मजल गेलीय.

मग वन-बायच घ्यावी का? थांबा. खरी मेख पुढं आहे आणि तिच्याकडं बघायला कुणालाच सवड नसते.

मेख म्हणजे दोन गिअरमधली उडी. ११ पासून ५१ पर्यंतचं अंतर अकराच चकत्यांत कापायचं, तर उड्या मोठ्याच पडणार. त्या कॅसेटचे दात बघा: ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३३, ३९, ४५, ५१. पंधरावरून अठरावर गेलात की एकदम वीस टक्क्यांचा फरक. रोडच्या ११-३२ मध्ये त्याच भागात १४, १६, १८, २० अशी चढण आहे, म्हणजे अकरा ते चौदा टक्के.

कागदावर किरकोळ वाटतं. सपाट रस्त्यावर चार जणांच्या मागं लागून ताशी २८ किलोमीटरनं चाललाय आणि समोरून वारा आहे, असं धरा. पुढं ४० ची एकच चकती असेल, तर १५ च्या गिअरवर पाय मिनिटाला ८३ फेरे मारतात. जरा जड वाटलं म्हणून एक गिअर हलका केला, की थेट १००. तुमच्या पायांना सोसतात नव्वद, आणि नव्वदचा गिअर सायकलीवर नाहीच! मग तासभर एकदा रेटायचं, एकदा नुसतंच भिरभिरायचं. दोन चकत्यांच्या सायकलीवर ५० आणि २० ची जोडी लावली, की ८९ वर पाय निवांत बसतात. मांड्या भरून आल्या की लोक सीटची उंची बदलत बसतात, कारण मात्र कॅसेटमध्ये असतं.

चढाला आणि कच्च्या रस्त्याला ही उडी बोचत नाही. तिथं उतार-चढ क्षणाक्षणाला बदलतो, उलट मोठी उडीच बरी पडते. वेग कमी पडेल का, हा प्रश्नही निकालात काढा. ३२ वर ११ लावून नव्वदच्या फेऱ्यांनी ताशी ३५ च्या आसपास जाता येतं. पन्हाळ्याच्या उतारावर त्याहून जोरात पायडल मारणाऱ्यानं आधी ब्रेक तपासावेत.

वजनाचा फरक सोडून द्या, डबा घरी ठेवला तरी तेवढं भरून निघतं. चिखलाचं मात्र खरं आहे. पावसाळ्यात लाल मातीत पुढचा डिरेलर बरबटतो आणि ऐन चढाला चेन लहान चकतीवर उतरत नाही. वन-बायला ते दुखणंच नाही. पण ५१ दातांची कॅसेट झिजली की खिशाला चटका बसतो, आणि ती गल्लीतल्या सायकलच्या दुकानात मिळत नाही, मागवावी लागते.

एका प्रकाराचा मला मनापासून राग आहे. जुन्या एकवीस गिअरवालीच्या पुढच्या दोन चकत्या आणि डिरेलर काढून टाकायचा आणि ‘वन-बाय केली’ म्हणून मिरवायचं. मागं तेच १४-२८ ठेवलं, तर ३४ च्या चकतीवर भागाकार येतो १.२१. ज्योतिबाच्या चढाला ढकलत जायची सोय झाली! शिवाय त्या चकतीचे दात चेन सहज सोडता यावी असेच घडवलेले असतात. खड्ड्यात आपटली की चेन खाली. वन-बायच्या चकतीला एक जाड, एक बारीक असे दात असतात आणि मागच्या डिरेलरमध्ये चेन ताणून धरणारा क्लच असतो. ते दोन्ही नसेल तर हौस महागात पडते.

माझं मत विचाराल तर पन्हाळा, ज्योतिबा, राधानगरीकडचे कच्चे रस्ते आणि पावसातही सायकल काढायची असेल, तर डोळे झाकून वन-बाय. गगनबावड्यापर्यंत डांबरी रस्त्यानं ग्रुपबरोबर जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर कापणार असाल, तर पुढं दोनच चकत्या, पण मागं ३४ दातांची कॅसेट मागून घ्या. तीन चकत्यांची आहे ती चालवा, नवी मात्र घेऊ नका. दुकानात ‘किती गिअर?’ विचारू नका. खाली बसा, पुढची लहान आणि मागची मोठी चकती बघा. दात बहुतेक चकतीवरच कोरलेले असतात, नसतील तर मोजा.