झेनसुन्नी पंथ

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या विज्ञानकादंबरीच्या विश्वातील एक काल्पनिक संमिश्र पंथ. जपानी झेन बौद्ध मत आणि सुन्नी इस्लाम यांचा सांधा नावातच दिसतो. ‘झेन’ हा शब्दही मुळात आपला ‘ध्यान’च, चीनमध्ये ‘चान’ होऊन तो जपानला पोचला. या विश्वात महायान ख्रिस्ती, बौद्धइस्लामी असे इतरही पंथ आहेत, पण ते बहुधा नावापुरते येतात.

कादंबरीच्या शब्दसूचीनुसार ‘तिसरा मुहम्मद’ म्हणवल्या जाणाऱ्या माओमेथच्या शिकवणीपासून हा पंथ फुटला, अंतराळप्रवासाची मक्तेदारी असलेल्या स्पेसिंग गिल्डच्या स्थापनेआधी सुमारे १३८१ वर्षे. गूढानुभवावर भर आणि पूर्वजांच्या वाटेने परत जाणे, ही त्याची ओळख. नेतेपद अली बेन ओहाशीला दिले जाते. मात्र तो आपल्या दुसऱ्या बायकोचा, निसाईचा, केवळ प्रवक्ता असावा अशीही शक्यता सूचीत नोंदवली आहे. पुढे हे लोक ग्रहामागून ग्रह भटकत, मध्ये गुलामी सोसत, अराकिस या वाळवंटी ग्रहावर पोचले. तेच फ्रेमेन.

धर्म एकत्र आणण्याचा दुसरा प्रयत्न वरून झाला. मोठ्या धर्मांचे प्रतिनिधी पृथ्वीवरच्या एका तटस्थ बेटावर जमले. ईश्वरी साक्षात्कार फक्त आमच्याकडेच, हा प्रत्येकाचा दावा मोडून काढायचा हा त्यांचा हेतू. सात वर्षे खपून त्यांनी ऑरेंज कॅथलिक बायबल सिद्ध केले आणि दंगली उसळल्या. शब्द मागे न घेणारे चौदाच उरले. ग्रंथ मात्र टिकला: अत्रैदिस घराण्याचा वैद्य डॉ. युए कादंबरीचा नायक पॉल याला अंतराळप्रवाशांसाठी केलेली त्याची १,८०० पानांची प्रत देतो, ती अंगठ्याच्या पेराएवढी असते आणि तिला स्वतःचे भिंग असते.

वाचकांची एक गल्लत नेहमी होते. तारणहाराचे भाकीत हे झेनसुन्नी श्रद्धेचे मूळ अंग नव्हे. बेने गेसेरिट या स्त्रियांच्या संघाची मिशनारिया प्रोटेक्टिवा ही शाखा मागास ग्रहांवर अशा दंतकथा मुद्दाम पेरून ठेवते, पुढे संघाची एखादी स्त्री तिथे अडकली तर तिला आसरा मिळावा म्हणून. पॉलची आई जेसिका, जी याच संघाची, ती याच पेरणीवर तगते.

श्रद्धेची भाषा अरबी वळणाची. ‘बि-ला कैफा’ फ्रेमेन ‘आमेन’सारखे वापरतात. प्रत्यक्षात ही इस्लामी धर्मचर्चेतील संज्ञा आहे: ‘कसे’ हे न विचारता.

पण पंथाचा गाभा कळतो तो पाण्यावरून. माणसाचे शरीर त्याचे स्वतःचे, पाणी टोळीचे, हा नियम. फ्रेमेन जेमिस पॉलशी झालेल्या द्वंद्वात मारला जातो तेव्हा त्याच्या देहातून ३३ लिटर आणि वर काही ड्रॅम पाणी निघते. ते पॉलला मिळते, कारण लढणारे स्टिलसूट (शरीराची ओल गोळा करून पुन्हा वापरता येणारा पोशाख) उतरवून लढतात आणि विजेत्याने गमावलेले पाणी त्याला भरून द्यावे लागते. अंत्यविधीत प्रत्येक जण ‘मी जेमिसचा मित्र होतो’ म्हणत त्याची एकेक वस्तू उचलतो. पॉलच्या डोळ्यांत पाणी येते आणि जमलेले लोक थक्क होऊन कुजबुजतात: हा मृताला ओल देतोय. असे साठवलेले पाणी गुहेतल्या हौदात जाते. तहानेने जीव चालला तरी त्याला कोणी हात लावत नाही. ते अराकिस हिरवा करण्यासाठी राखलेले असते.