चित्र नेमके कुठे बसते?

विमानातील वायरी एकेक करून विमानात ओढल्या जात नाहीत. त्यांची जुडगी आधी कारखान्यात लांबलचक फळ्यांवर तयार होतात. फळीवर आराखडा चिकटवलेला असतो, जागोजागी खुंट्या असतात आणि कामगार यादी पाहून प्रत्येक वायर त्या खुंट्यांमधून फिरवत नेतो. विमानाची रचना बदलली की आराखडाही बदलतो, आणि अशा फळ्या बनवणे व सांभाळणे हेच एक वेगळे काम होऊन बसते. बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ साली एका शोधनिबंधात यावर उपाय सुचवला. कामगाराच्या डोक्यावर पारदर्शक पडद्याचे उपकरण असावे आणि हातातली वायर जिथून न्यायची ती रेषा संगणकाने त्याला कोऱ्या फळीवरच दाखवावी, अशी ती कल्पना होती. ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र बसवण्याच्या तंत्राचा, हा अगदी सुरुवातीचा औद्योगिक विचार होय, आणि त्यात दडलेली अडचण आजही या क्षेत्रातील मुख्य अडचण आहे.

रेषा काढणे संगणकाला अवघड नाही. अवघड आहे ते डोके हलले तरी ती रेषा फळीवरच्या त्याच बिंदूंवर टिकवून ठेवणे. समजा, मान सेकंदाला ५० अंश या वेगाने वळते आहे आणि ती हालचाल मोजून नवे चित्र दाखवायला यंत्रणेला ०.१ सेकंद लागतो. तेवढ्यात मान ५ अंश पुढे गेलेली असते, आणि ६० सेंटिमीटर अंतरावरच्या फळीवर हीच चूक सुमारे ५ सेंटिमीटरची होते. शेजारशेजारच्या दोन खुंट्यांत एवढे अंतर नसले, तर कामगार वायर सरळ चुकीच्या खुंटीवर नेईल. म्हणूनच हा विलंब २० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवण्याचा आटापिटा केला जातो.

जागा ओळखण्यासाठी आजचे फोन आणि चष्मे दोन साधनांची सांगड घालतात. कॅमेरा खोलीतील ठळक कोपरे, कडा आणि ठिपके हेरतो व ते एका चौकटीतून (टिपलेल्या एका चित्रातून) दुसऱ्या चौकटीत किती सरकले यावरून स्वतःची हालचाल ताडतो. दोन चौकटींमधल्या काळात कॅमेऱ्याला काही कळत नाही; ती उणीव त्वरणमापक (वेगातील बदल मोजणारा) आणि जायरोस्कोप (वळण मोजणारा) भरून काढतात. केवळ त्वरणमापकावर विसंबता येत नाही, कारण त्वरणापासून अंतर काढताना चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदवर्गाला ०.०१ मीटर एवढी क्षुल्लक चूक सतत राहिली, तरी १० सेकंदांत अंतराचा हिशेब अर्ध्या मीटरने चुकतो. कॅमेऱ्याचीही दुखणी आहेत: कोरी पांढरी भिंत, चकाकणारी फरशी आणि अंधार यांपुढे तो हतबल होतो. प्रात्यक्षिकाच्या खोलीत झकास चालणारे ॲप गोदामात गेल्यावर अडखळते, ते बहुधा याच कारणांनी.

त्यामुळे असे ॲप बांधायला घेताना पहिला प्रश्न चष्मा कोणता किंवा प्रोग्रामिंगची भाषा कोणती हा नसावा; चित्र किती सरकले तर काम बिघडेल, हा असावा. दिवाणखान्यात सोफा कसा दिसेल हे फोनवर पाहणाऱ्याला दोन सेंटिमीटरची चूक जाणवतही नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेत मात्र स्क्रू ज्या हाडाच्या अरुंद भागातून जातो, तो काही मणक्यांत जेमतेम काही मिलिमीटर रुंद असतो आणि त्याला लागूनच मज्जारज्जू असतो. सर्जनच्या डोळ्यांसमोर मणक्याची त्रिमितीय प्रतिमा दाखवणाऱ्या ऑगमेडिक्स कंपनीच्या प्रणालीला अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये परवानगी दिली. अशा प्रणालीत खोलीच्या कोपऱ्यांवरून अंदाज बांधण्याची जोखीम कोणी घेत नाही. यंत्रणेने ओळखायची खूण थेट रुग्णाच्या हाडाला पकडून बसवलेली असते, म्हणजे शरीर हलले की खूणही हलते आणि चित्रही.

मला सर्वांत हुशार वाटते ते साधन म्हणजे शिरा दाखवणारा प्रकाशझोत, आणि त्याला चष्मा लागतच नाही. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (निअर-इन्फ्रारेड) प्रकाश हातावर टाकला की रक्तातील हिमोग्लोबिन तो भोवतालच्या ऊतींपेक्षा अधिक शोषून घेते, त्यामुळे शिरा काळसर उमटतात. त्यांचे चित्र लगेच दृश्य प्रकाशाने त्याच त्वचेवर टाकले जाते. चित्र टिपणारा आणि टाकणारा मार्ग एकच ठेवला, तर जुळणीचा प्रश्न आज्ञावलीत सोडवावाच लागत नाही, तो भिंगांच्या मांडणीतच सुटतो. अर्थात हे साधन फक्त त्वचेलगतच्या शिरा दाखवते आणि शीर किती खोल आहे ते सांगत नाही, म्हणून परिचारिकेच्या बोटांची चाचपणी काही सुटत नाही.

चष्म्यांना आणखी एक मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या चष्म्यात चित्राचे केंद्रण सुमारे २ मीटरवर स्थिर असते. आभासी वस्तू हाताच्या अंतरावर आणली की दोन्ही बुबुळे जवळच्या वस्तूकडे वळतात, पण डोळ्यातील भिंगाला मात्र २ मीटरवर केंद्रित राहावे लागते, आणि या ओढाताणीने डोळे शिणतात. गंमत अशी, की वायर जोडणे, स्क्रू पिळणे, टाके घालणे ही बहुतेक हातकामे नेमकी याच अंतरावर होतात.

बोइंगच्या वायरींचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. दोन दशकांनंतर कंपनीने गूगल ग्लास हा छोट्या पडद्याचा चष्मा वापरून पाहिला आणि वायरी जोडण्याचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. परंतु ग्लासमध्ये रेषा फळीवर उमटत नव्हती. नजरेच्या कोपऱ्यातील छोट्या पडद्यावर पुढची सूचना दिसे, एवढेच. १९९२ च्या कल्पनेतील सर्वांत कठीण भाग वगळूनही बराच फायदा पदरात पडला, याचे कारण कामगाराचा वेळ यादीत पाहण्यात आणि पुन्हा फळीवरची जागा शोधण्यात जात होता, आणि हात मोकळे ठेवून समोर दिसणारी सूचना तो वेळ वाचवायला पुरेशी होती. अनेक कारखान्यांचे काम आजही एवढ्यावर भागेल असे मला वाटते, आणि त्रिमितीय देखाव्यावर खर्च करण्यापूर्वी ही साधी आवृत्ती आधी कामगाराच्या हाती देऊन पाहणे शहाणपणाचे ठरेल.

खर्चाचा विचार करायचा तो उपकरणांच्या आयुष्यामुळेही. गूगलने ग्लासची विक्री २०२३ मध्ये थांबवली आणि मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये बंद केले. कारखान्यातील यंत्रे वीस-वीस वर्षे चालतात, चष्मे त्याच्या निम्मेही टिकत नाहीत. त्यामुळे सूचनांचा मजकूर, आराखडे आणि मोजमापे चष्म्याच्या आज्ञावलीपासून वेगळी साठवणे, आणि शक्य तिथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या चष्म्यांना चालणाऱ्या, २०१९ मध्ये आलेल्या ओपनएक्सआरसारख्या सामायिक मानकावर ॲप बांधणे, याचा निर्णय पहिल्याच आराखड्यात घ्यावा लागतो.